सासऱ्यांची रायफल: आतून दुरुस्त करा, वरून हात लावू देऊ नका

पत्र, थोडक्यात: "माझे सासरे गेल्या वर्षी वारले. ते पेनसिल्व्हेनियातल्या पॉटर काउंटीत राहायचे, आम्ही न्यू जर्सीत. घर आवरताना त्यांच्या वडिलांची जुनी विंचेस्टर रायफल निघाली. मृत्युपत्रात ती माझ्या नवऱ्याच्या नावे आहे. नळीवर तपकिरी गंज आहे, मधला लोखंडी भाग पांढरा पडलाय, दस्त्याला जिथे हाताने धरतात तिथे चीर आहे. खालची लिव्हर लोंबते आणि काडतूस नीट वर येत नाही, असं सासरे म्हणायचे. दस्त्यावर आजेसासऱ्यांनी चाकूने कोरलेली दोन अक्षरं आहेत. रायफलीवर ठोकलेला नंबर अकरा लाखांतला आहे. गावातला एक दुकानदार ३०० डॉलर देतो म्हणतो. दुसरा म्हणतो, पॉलिश करून पुन्हा काळी करतो, लाकूड घासून नवं करतो, किंमत दुप्पट होईल. माझा भाचा एच-वन-बी व्हिसावर इथे आहे, त्यालाही ती हवी आहे. नवऱ्याचा जीव तिच्यात अडकलाय, पण तो काही बोलत नाही. मी पुण्यात वाढले, बंदूक पाहिली ती फक्त बँकेच्या रखवालदाराच्या खांद्यावर. काय करू?" – एक सून, न्यू जर्सी

ताई,

दोन्ही दुकानदारांना आजच नाही म्हणून कळवा. पहिल्याला थोड्या दिवसांनी पुन्हा भेटलात तरी चालेल. दुसऱ्याच्या हातात मात्र ती रायफल एक तासासाठीही देऊ नका. त्याच्या मनात वाईट काही नसेल. पण तो जे करणार आहे ते एकदा झालं की परत फिरवता येत नाही.

त्याआधी एक काम. ती रायफल सध्या कपाटात उभी असेल, तर ती भरलेली आहे असंच धरून चाला. या जातीच्या रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या एका नळीत, एकामागे एक अशी बसतात. तिला ट्यूब मॅगझिन म्हणतात. वरून पाहिलं तर आत काय आहे ते कळत नाही. तेल वाळून चिकट झालं असेल आणि आतली स्प्रिंग मंदावली असेल, तर लिव्हर, म्हणजे काडतूस वर आणायला खाली ओढायची ती दांडी, चार वेळा ओढूनही एखादं काडतूस मागेच अडकून राहतं. नंतर कुठेतरी हिसका बसला की ते पुढे येतं. नवऱ्याला सवय असेल तर त्याने नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, चापाला बोट न लावता लिव्हर खाली करावी, चेंबरमध्ये, म्हणजे बार होताना काडतूस जिथे बसतं त्या पोकळीत, बॅटरीचा उजेड टाकून पाहावं आणि मॅगझिनच्या तोंडाशी काडतूस ढकलणारी धातूची टोपी दिसते का तेही पाहावं. ती दिसली म्हणजे मॅगझिन रिकामं. दिसली नाही, किंवा जरा जरी शंका वाटली, तरी तिथेच थांबा. गनस्मिथला, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, फोन करून सांगा की भरलेली असू शकते, आणि कशी आणायची ते त्यालाच विचारा. घोडा मागे ओढून हळूच सोडायचा प्रयोग तुमच्यापैकी कुणीही करू नका. या रायफलीला वेगळा सेफ्टीचा खटका नसतो. घोडा अर्ध्यावर अडकवून ठेवणारी खाच हीच तिची सेफ्टी, आणि जुन्या रायफलीत ती खाच झिजलेली असू शकते.

आता तुमच्याकडे नेमकं काय आहे ते सांगतो. विंचेस्टरची ही रायफल '१८९४ मॉडेल' म्हणून ओळखली जाते. रचना जॉन ब्राउनिंग यांची, कारखाना कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला. पुढच्याच वर्षी तिच्यासाठी धूर न करणाऱ्या दारूचं नवं काडतूस आलं आणि त्यासाठी निकेल मिसळलेल्या पोलादाची नळी आली. ते काडतूस आज ३०-३० म्हणून सगळ्यांना माहीत आहे. नळीवर 'थर्टी डब्ल्यू.सी.एफ.' लिहिलेलं दिसलं तर तेच हे. 'थर्टी-टू स्पेशल' लिहिलेलं असेल तर काडतूस वेगळं. एकाच्या जागी दुसरं कधीही घालू नका.

तुमचा नंबर अकरा लाखांतला आहे, तो फार बोलका आहे. या मॉडेलची दहा लाखावी रायफल कंपनीने १९२७ साली राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली, पंधरा लाखावी १९४८ साली ट्रुमन यांना. म्हणजे तुमची या दोन वर्षांच्या मधली. नेमकं साल हवं असेल तर गनस्मिथ पुढचं लाकूड काढेल तेव्हा नळीच्या पोटाकडे पाहायला सांगा. त्या काळात तिथे बहुतेक वेळा सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. त्याचा फोटो काढून घ्या, लाकूड पुन्हा बसलं की तो आकडा कुणाला दिसणार नाही. वायोमिंगमधल्या कोडीच्या संग्रहालयाकडे विंचेस्टरच्या जुन्या वह्या आहेत आणि ते त्यावरून दाखला देतात, असं कुणीतरी तुम्हाला सांगेल. ते खरं आहे, पण या मॉडेलच्या वह्या साडेतीन लाखांच्या जरा पुढच्या नंबरापर्यंतच आहेत. तुमच्या नंबरासाठी तिकडे पैसे घालवू नका.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुमची रायफल १९६४ च्या आधीची आहे. त्या वर्षी कंपनीने खर्च वाचवायला बनावट बदलली. आतले काही भाग पत्र्यातून ठोकून काढू लागले, भरीव पिनांच्या जागी गुंडाळलेल्या पोकळ पिना आल्या, मधल्या भागाचं पोलादही बदललं. तेव्हापासून हौशी लोक पहिला प्रश्न हाच विचारतात: चौसष्टच्या आधीची की नंतरची? तुमच्याकडची रायफल पोलादाच्या भरीव तुकड्यांतून कातून काढलेल्या भागांची आहे. मी आयुष्यभर मशीन शॉपमध्ये काम केलं, म्हणून सांगतो, तिचं मधलं अंग एकदा उघडून पाहिलं की ज्यांनी ते मिलिंग केलं त्या हातांबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

मधला भाग पांढरा पडला म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय. माझ्यासाठी तुमच्या पत्रातली ती सगळ्यात आनंदाची ओळ. पहिल्या महायुद्धापासून पुढची बरीच वर्षं विंचेस्टरने या भागासाठी जे पोलाद वापरलं त्यावर काळपट निळा मुलामा, ज्याला ब्लूइंग म्हणतात, नीट धरत नसे. तो पापुद्र्यासारखा सुटतो. नळीवर मात्र टिकतो. म्हणून त्या काळातल्या खऱ्या, कुणी न छेडलेल्या रायफलीचं रूप हेच असतं: नळीवर निळसर तपकिरी रंग आणि मधे पांढरा डाग. जाणकार माणूस टेबलावर अशी रायफल पाहतो तेव्हा आधी तिकडेच पाहतो. उलट सगळीकडून एकसारखी काळीभोर, चकचकीत रायफल दिसली की तो खाली वाकून अक्षरं वाचतो. अक्षरांच्या कडा बोथट झाल्यात का, स्क्रूच्या भोकांभोवती लोखंड बशीसारखं खोलगट झालंय का, सपाट बाजूंच्या कडा गोल झाल्यात का. बफिंगचं चाक हे सगळं करतं. तुमचा दुसरा दुकानदार याच चाकाबद्दल बोलतोय.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. पेनसिल्व्हेनियात नवा आलो तेव्हा एका शेजाऱ्याने मला अशीच एक रायफल दिली होती. कारखान्यात चाक होतंच. दोन संध्याकाळी बसून मी ती आरशासारखी केली आणि त्याला दाखवायला नेली. तो माणूस बराच वेळ काही बोलला नाही. मग नळीवरून बोट फिरवत म्हणाला, इथे माझ्या वडिलांचा हात झिजवून गेला होता. ती जागा मी पुसून टाकली होती. आजही ते आठवलं की मला लाज वाटते. तुमच्या दस्त्यावरच्या दोन अक्षरांबद्दल वाचलं तेव्हा मला तोच दिवस आठवला. लाकूड घासलं की ती अक्षरं जातील.

म्हणजे काहीच करायचं नाही, असं नाही. जे बिघडलंय ते नीट करायचं. पण ते कुणी आणि कसं करायचं, त्यावर सगळं आहे.

लिव्हर लोंबते याचं कारण बहुधा अगदी छोटं असेल. लिव्हर बंद राहावी म्हणून आत एक लहानसा दांडा स्प्रिंगवर बसवलेला असतो. तो झिजला किंवा वाळलेल्या तेलात अडकला की लिव्हर खाली झुकते. लिव्हरला जोडणारी पिन आणि तिला अडवणारा स्क्रूही ढिला झालेला असू शकतो. काडतूस वर येत नाही याची कारणं तीन-चार असतात: मॅगझिनची स्प्रिंग दमलेली, काडतूस उचलणाऱ्या भागाची स्प्रिंग सैल, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या झिजलेल्या, किंवा फक्त पन्नास-साठ वर्षांची चिकट घाण. मी अशा ज्या रायफली पाहिल्या त्यांतल्या कितीतरी नुसत्या उघडून, धुऊन, हलकं तेल देऊन ठीक झाल्या. म्हणून पहिल्यांदा फक्त उघडणं आणि साफ करणं एवढंच काम द्या. नवे भाग बसवायचे का, ते त्यानंतर ठरवा. आणि एखादा भाग बदललाच तर जुना भाग पिशवीत घालून परत मागा. पुढे कुणी विकत घ्यायला आलं तर ती पिशवी रायफलीइतकीच महत्त्वाची ठरते.

घरी तुम्ही किंवा नवऱ्याने स्क्रू फिरवायला जाऊ नका. या स्क्रूंच्या खाचा अरुंद आणि सरळ कडांच्या असतात. घरातला स्क्रूड्रायव्हर टोकाकडे निमुळता असतो. तो खाचेतून उसळतो आणि खाच चेपते. चेपलेला स्क्रू पाहिला की घेणाऱ्याला लगेच कळतं की ही कुणीतरी स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडली होती. गनस्मिथकडे खाचेत बरोबर बसणारी, समांतर कडांची पातीच असतात.

दस्त्याच्या चिरेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. त्या जागी लाकूड सगळ्यात पातळ असतं आणि धातूची शेपटी त्यात घुसलेली असते. मागचा स्क्रू ढिला पडला की प्रत्येक बाराला ती शेपटी पाचरीसारखी लाकडात मारली जाते. शिवाय वर्षानुवर्षं वरून तेल ओघळत राहतं आणि लाकूड मऊ होतं. चांगला कारागीर दस्ता काढून आधी ते तेल बाहेर ओढून काढेल, मग चिरेत पातळ इपॉक्सी उतरवेल, रबरी नळी घट्ट गुंडाळून ठेवेल आणि शेपटीच्या मागे केसभर जागा कोरून ठेवेल, म्हणजे पुन्हा पाचर बसणार नाही. बाहेरून काहीच दिसू नये, हीच त्याच्या कामाची परीक्षा. सँडपेपरचं नाव निघालं तर तिथून निघा. कारखान्यातून आलेलं लाकूड धातूपेक्षा किंचित उंच असतं. बोट फिरवलं की ती पायरी लागते. घासलेल्या दस्त्याची पायरी उलटी होते, लाकूड धातूच्या खाली जातं, आणि मग कितीही चांगलं तेल पाजलं तरी ते लपत नाही.

गंजाचं काम मात्र घरी करता येईल, नवऱ्याला करू द्या. रिकाम्या, तपासलेल्या रायफलीच्या नळीवर हलकं तेल लावून एक-दोन दिवस तसंच ठेवायचं आणि मऊ कापडाने पुसायचं. लालसर गंज जो बोटाला लागतो तेवढाच काढायचा. कापडाने जात नसेल तिथे ब्राँझचं लोकर मिळतं, ते तेलात भिजवून अगदी हलक्या हाताने. खाली घट्ट बसलेला तपकिरी थर दिसू लागला की थांबायचं. तो आता नळीच्या त्वचेचाच भाग आहे. घरातली स्टीलची घासणी आणि गंज काढायची रसायनं जवळपासही आणू नका.

नळीच्या आत काय आहे ते गनस्मिथ दिव्याने पाहील. १९२० च्या दशकाच्या शेवटापर्यंत अमेरिकेतल्या काडतुसांच्या बुडाशी ठिणगी पाडणारी जी टोपी असते तिच्यात असा मसाला असे की बार झाल्यावर मागे मिठासारखा क्षार राही आणि नळीला खाई. आजेसासऱ्यांनी जुनी काडतुसं वापरली असतील तर आत खड्डे असतील. थोडे खड्डे असूनही हरणाला पुरेसा नेम लागतो. दुसरं, ही रायफल पुढच्या तोंडातूनच साफ करावी लागते, आणि लोखंडी सळईने साफ करकरून तोंडाकडचे पेच, म्हणजे नळीच्या आतल्या वळणदार खाचा, झिजतात. तेही बघायला सांगा. आणि तिने पुन्हा बार काढायचा असेल तर हेडस्पेस, म्हणजे काडतुसामागे बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा भाग, किती घट्ट बसतो ते, गेज घालून मोजल्याशिवाय एकही गोळी झाडायची नाही. ट्यूब मॅगझिनमुळे चपट्या किंवा बोथट टोकाच्याच गोळ्या लागतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकलेली असते आणि धक्क्याने नळीतच बार होऊ शकतो. आजकाल मऊ रबरी टोकाच्या गोळ्या या रायफलींसाठी मुद्दाम बनवतात, त्या चालतात.

आता किमतीचं. ३०० डॉलर फार कमी आहेत. १९६४ पूर्वीची, न छेडलेली, फक्त साफसफाई आणि एका चिरेचं काम असलेली रायफल त्या भावात मिळत नाही. दुकानदाराला त्याचा नफा ठेवायचा असतो, हे मी समजू शकतो, म्हणून तो विक्रीच्या भावापेक्षा बराच कमी देणार. पण इतका कमी नाही. खरा भाव जाणायचा असेल तर लोक काय मागतात ते पाहू नका, लिलावात शेवटी किती रुपयांना, म्हणजे डॉलरना, विकली गेली ते पाहा. लिलावाच्या संकेतस्थळांवर झालेल्या विक्रीची यादी वेगळी काढता येते. तुमच्यासारख्याच नंबराच्या, तुमच्यासारख्याच पांढऱ्या पडलेल्या आठ-दहा रायफली शोधा. २० इंची नळीची कार्बाइन आणि २६ इंची रायफल यांचे भाव वेगळे असतात, तेव्हा नळी मोजून घ्या. डाव्या-उजव्या बाजूला कुणी दुर्बीण बसवायला भोकं पाडली आहेत का ते बघा. या रायफलीचं रिकामं काडतूस वरून बाहेर फेकलं जातं, म्हणून दुर्बीण वर बसत नाही आणि लोकांनी बाजूने भोकं पाडली. अशा भोकांनी भाव बराच उतरतो. पॉलिश करून पुन्हा काळी केलेली रायफल, माझ्या पाहण्यात, संग्राहकाच्या दृष्टीने निम्म्यावर येते. दुप्पट कधीच होत नाही.

भाच्याला रायफल देऊ नका. यात माया-दुजाभावाचा प्रश्नच नाही. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्या अपवादावर विसंबून एका मुलाचा व्हिसा आणि भविष्य पणाला लावायचं नाही. त्याला देणारी व्यक्तीही अडचणीत येते. त्याला प्रेमाने सांगा, ग्रीन कार्ड मिळालं की मग बघू. नुसती हाताळायची हौस असेल तर तीही वकिलाला विचारल्याशिवाय नको.

तुमच्या नवऱ्याकडे ती मृत्युपत्राने येतेय, आणि वारशाने आलेली बंदूक दुसऱ्या राज्यातल्या वारसाकडे जाऊ शकते, ही मुभा केंद्रीय कायद्यात आहे. तरीही न्यू जर्सीचे नियम कडक आहेत. सीमा ओलांडण्याआधी तुमच्या गावच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात कागद दाखवून विचारून घ्या, आणि प्रवासात ती रिकामी, कुलूपबंद पेटीत, डिकीत असू द्या. न्यू जर्सीत हरणाच्या शिकारीला अशी रायफल चालतही नाही. तिचं खरं घर पॉटर काउंटीचं जंगलच आहे. तिथे मोठ्या शिकारीला आपोआप भरणाऱ्या रायफलींना परवानगी नाही, म्हणून लिव्हरवाल्या रायफली घराघरात पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. आधी दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, सगळ्या बाजूंनी फोटो. दोन अक्षरांचा जवळून एक, नंबराचा एक, पांढऱ्या भागाचा एक. घराच्या विम्यात बंदुकांसाठी रकमेची मर्यादा असते, तीही विचारून घ्या. मग गनस्मिथ निवडताना त्याला एकच प्रश्न: तुम्ही हिला काय काय करणार नाही? ज्याचं उत्तर लांब असेल, त्याच्याकडे द्या. फक्त उघडणं, साफ करणं, चीर, हेडस्पेस. एवढं लेखी घ्या.

विकायची की नाही, हे नवऱ्याला आता विचारू नका. तो बोलत नाही म्हणता ना. त्याला तेल, कापड आणि ती नळी घेऊन एका रविवारी बसू द्या, आणि तुम्ही चहा घेऊन शेजारी बसा. त्याला फक्त एवढंच विचारा की आजोबांनी ती अक्षरं केव्हा कोरली. त्याला माहीत असेल. तो सांगेल ते एका कागदावर लिहा, तारीख घाला, त्याची सही घ्या आणि फोटोंसोबत ठेवा. रायफल घरात राहिली तर तुमच्या मुलांसाठी, आणि गेलीच तर जो घेऊन जाईल त्याच्यासाठी.